न्यायालयातला दुभाषी व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेळघाटात वाढले. घरात मराठी, अंगणात कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी. दवाखान्यात, तलाठ्याकडे, शाळेत कुणाचं काही अडलं की बाया मलाच मध्ये उभं करायच्या. त्यामुळे ही काही शिकायची गोष्ट आहे असं कधी मनातही आलं नाही. पुढे एकदा एका सत्र न्यायालयात साक्ष ऐकायला बसले होते. पिंजऱ्यात एक कोरकू बाई होती आणि दुभाषी म्हणून ऐनवेळी व्हरांड्यातून एकाला बोलावून आणलं होतं. बाई दोनेक मिनिटं बोलली. कोण आलं, कुठल्या वाटेनं आलं, हातात काय होतं, तिनं पोराला कुठे लपवलं, सगळं तिनं सांगितलं. त्या माणसानं न्यायाधीशांकडे बघून म्हटलं, "साहेब, भांडण झालं म्हणते." नोंदीत तेवढंच उतरलं. बाकीचं सगळं त्या खोलीतच विरून गेलं, आणि ते विरलं हे माझ्याशिवाय कुणाला कळलंही नाही. मधल्या सुट्टीत मी सरकारी वकिलांना गाठून सांगितलं. दुपारनंतर त्याच बाईसाठी मला शपथ दिली गेली.

तेव्हापासून मी हे काम करते आणि शिकवतेही. लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बरीचशी कोरकूची आहेत, पण माडिया, गोंडी, पावरी, मावची, वारली, कातकरी, गोरमाटी, पारधी अशी कुठलीही भाषा बोलणाऱ्याला ती आपलीच वाटतील.

मला दोन्ही भाषा उत्तम येतात. मग प्रशिक्षण कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. कुणाला कमी लेखण्यासाठी हे उत्तर देत नाही. उलट दोन्ही भाषा उत्तम येणारा माणूसच जास्त अडचणीत येतो, कारण तो अर्थ पटकन पकडतो आणि आपल्या शब्दांत सांगून मोकळा होतो. घरात ते चालतं. न्यायालयात एका क्रियापदावर माणसाची दहा वर्षं अवलंबून असतात.

आपल्या मराठीचंच बघा. "त्यानं मारलं." चापट मारली की जीव घेतला? आपण संदर्भावरून समजतो. पण भारतीय न्याय संहितेत इजा पोचवणं कलम ११५ मध्ये आहे आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये. साक्षीदाराच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द असतील आणि तुम्ही दोन्हींसाठी "मारलं" वापरलंत, तर तिनं सांगितलेला फरक तुम्ही पुसून टाकलात.

कोरकूत याहून मोठा पेच आहे. तिथे "तो" आणि "ती" असा भेद नाही. "कुणी आलं, दार ढकललं, आत शिरलं" हे कोरकू बाई पुरुष की बाई हे न सांगता अगदी सहज सांगते. मराठीत आणताना मात्र क्रियापद तुम्हाला निवड करायला भाग पाडतं: आला की आली? दुभाषी नकळत "आला" म्हणतो, आणि साक्षीदार जे बोललीच नाही ते नोंदीत जातं. उलट कोरकूत "आम्ही दोघं" आणि "आम्ही पुष्कळ जण" यांची रूपं वेगळी आहेत. साक्षीदारानं दोघं म्हटलं आणि तुम्ही नुसतं "आम्ही गेलो" म्हणालात, तर घटनास्थळी किती माणसं होती याचा पुरावाच गेला.

आणखी एक. आपण "आम्ही" आणि "आपण" वेगळे ठेवतो, इंग्रजीत ते एकच होतात. कोरकूतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी असा दोन पायऱ्यांचा प्रवास अनेक साक्षी करतात. प्रत्येक पायरीवर काय गळतं हे ओळखायला शिकणं, प्रशिक्षणाचा अर्धा भाग हाच आहे.

दुभाषी आणि अनुवादक एकच का?

नाही. अनुवादक कागदावर काम करतो, शब्दकोश उघडतो, उद्या दुरुस्ती करू शकतो. दुभाषी तोंडी काम करतो आणि त्याला दुसरी संधी नसते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाची संगणकप्रणाली आणली, तीही कागदाच्याच कामाची. घाबरलेल्या बाईचं अडखळतं बोलणं समोर उभं राहून पोचवायला माणूसच लागतो. मात्र शपथ घेतलेल्या दुभाष्याला कधीकधी कागदही वाचून सांगावा लागतो, त्यामुळे वाचनाची सवय ठेवा.

कायद्यात दुभाष्याला काही जागा आहे का, की ही फक्त सोय?

जागा आहे, आणि पक्की आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या तरतुदी नव्या क्रमांकांनी आल्या आहेत. साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल आणि तो हजर असेल, तर त्याला समजेल त्या भाषेत ती खुल्या न्यायालयात सांगितली गेली पाहिजे, असं कलम ३१४ म्हणतं. साक्ष संपल्यावर नोंद वाचून दाखवतात. ती साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत असेल तर त्याच्या भाषेत समजावून द्यावी लागते, हे कलम ३१३ मध्ये आहे. आणि न्यायालयाला दुभाषी लागला की त्यानं खरंच भाषांतर केलं पाहिजे, असं बंधन कलम ३१७ घालतं.

नोंद वाचून दाखवण्याचा तो टप्पा घाईत उरकला जातो. तुम्ही घाई करू नका. आपल्याच तोंडून गेलेली चूक दुरुस्त करायची ती शेवटची जागा आहे.

पदवी लागते का? वकिलीचं शिक्षण?

वकिलीचं लागत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी पोक्सो कायद्याचे २०२० चे नियम याबाबत सर्वांत स्पष्ट आहेत, आणि मला ते फार समंजस वाटतात. मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोन्हींची कामापुरती जाण हवी, एवढीच त्यांची अट आहे. ती मातृभाषा म्हणून असेल, निदान प्राथमिक शाळेपर्यंतचं शिक्षण त्या भाषेत झाल्यामुळे असेल, किंवा व्यवसायामुळे वा त्या भागात राहिल्यामुळे आलेली असेल, तरी चालते. म्हणजे पाड्यावर वीस वर्षं काढलेली आशाताई पात्र ठरते. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला मात्र त्या भाषेची किंवा विशेष शिक्षणाची पात्रता मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेल्या संस्थेची असावी लागते.

उच्च न्यायालयातल्या अनुवादक-दुभाषी पदांची गोष्ट वेगळी. ती सरळ नोकरभरती असते, जाहिरात निघते, पदवी आणि परीक्षा दोन्ही लागतात.

नाव कुठे नोंदवायचं?

दोन दारं ठोठावा. पहिलं जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं. पोक्सो नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक आणि सहाय्यक व्यक्ती (खटला चालू असताना मुलाला आधार देणारी माणसं) यांची नोंदवही ठेवणं ही या कक्षाची जबाबदारी आहे, आणि ती यादी पोलीस, दंडाधिकारी आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते. अर्जात भाषेचं नाव नुसतं "आदिवासी" असं लिहू नका. "माडिया, भामरागड भाग" असं लिहा. आपली माहिती, भाषा कशी येते, लिहिता-वाचता येतं का, रात्री बोलावलं तर येता येईल का, एवढं एका पानावर पुरतं.

दुसरं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. तिथे विधी स्वयंसेवक म्हणून काम सुरू करता येतं. राष्ट्रीय प्राधिकरणानं ही योजना २००९ मध्ये सुरू केली. अनुसूचित जातीजमातींचे लोक, स्त्रिया, मुलं, अपंग आणि कोठडीतले लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत कायदेशीर मदत मिळते. म्हणजे ज्यांना दुभाषी लागतो, त्यांच्यातले बहुतेक जण या दारातून आत येतात. मी स्वतः सुचवेन की आधी वर्षभर स्वयंसेवक व्हा. न्यायालयाचं वातावरण अंगवळणी पडतं, पुकारा, तारीख, सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपासणी (समोरच्या बाजूचे प्रश्न) हे शब्द कानावर रुळतात.

पैसे किती मिळतात?

खरं सांगायचं तर या कामावर घर चालवायची आशा धरू नका. मागणी असते पण सलग नसते, एखाद्या महिन्यात चार तारखा आणि पुढे तीन महिने काही नाही. पोक्सोच्या प्रकरणात मानधन राज्य सरकार ठरवतं, पण कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. काम संपल्यावर "नंतर बघू" म्हणणाऱ्यांना हा नियम नम्रपणे दाखवा. मी दाखवला आहे, उपयोग होतो. नेमणुकीचा कागद आणि हजेरीची नोंद मात्र त्याच दिवशी मागून घ्या.

हे काम फुकट करू नये असं माझं ठाम मत आहे. फुकटच्या माणसाला कुणी तयार करत नाही आणि त्याच्याकडून कुणी काटेकोरपणाची अपेक्षाही ठेवत नाही.

शपथ कसली असते?

१९६९ च्या शपथ कायद्यात साक्षीदारांबरोबर दुभाष्याचंही नाव आहे. साक्षीदाराला विचारलेले सगळे प्रश्न आणि त्यानं दिलेली साक्ष मी नीट आणि खरेपणानं सांगेन, भाषांतरासाठी दिलेले कागद बिनचूक भाषांतरित करीन, अशा अर्थाची ती शपथ. देवाच्या नावानं घ्या किंवा प्रतिज्ञा करा. न्यायालयाच्या कायम नोकरीतल्या दुभाष्याला ती दर वेळी घ्यावी लागत नाही, आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्याला घ्यावी लागते. कुणी द्यायची विसरलं तर आपणच आठवण करून द्यावी.

"ती म्हणते" असं म्हणू नका असं तुम्ही का सांगता?

कारण "ती म्हणते" म्हटलं की तुम्ही गोष्ट सांगू लागता. साक्षीदार म्हणाली "मी दार लावलं" तर तुम्हीही "मी दार लावलं" असंच म्हणायचं. पहिल्या दिवशी जीभ अडखळते. पुरुष दुभाषी बाईची साक्ष सांगताना "मी गेले" म्हणायला लाजतात. पण हे जमलं की दोन गोष्टी आपोआप सुधारतात. नोंद साक्षीदाराच्या शब्दांत जाते, आणि तुम्हाला मध्ये मध्ये स्वतःचं काही घालता येत नाही. स्वतःविषयी बोलायचं असेल तेव्हा "दुभाषी विनंती करते की" असं म्हणायचं, म्हणजे कोण बोलतंय याचा घोळ होत नाही.

साक्षीदारानं शिवी दिली, किंवा लाज वाटेल असं काही सांगितलं तर?

जसंच्या तसं सांगायचं. शिवीची शिवीच. आरोपीनं काय शब्द वापरले हाच कधीकधी गुन्ह्याचा गाभा असतो. आणि उलटही लक्षात ठेवा: बाई "वाईट काम केलं" एवढंच म्हणाली तर "बलात्कार केला" असं तुम्ही म्हणायचं नाही. तिचे झाकलेले शब्द झाकलेलेच पोचवा, पुढचा प्रश्न वकील किंवा न्यायाधीश विचारतील. घरी आरशासमोर उभं राहून ते शब्द मोठ्यानं म्हणायचा सराव करा. मी शिबिरात हा सराव बायांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा घेते.

उलटतपासणीत सगळ्यांत जास्त गोंधळ कुठे होतो?

"हे म्हणणं खरं आहे का, की तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतातच?"

हा प्रश्न मराठी साक्षीदारालाही चकवतो. त्याचं उत्तर "नाही" असं आलं, तर ते "नाही, नव्हते" आहे की "नाही, हे म्हणणं खरं नाही"? नोंदीत बहुधा "हे म्हणणे खरे नाही की" अशी सुरुवात असलेलं वाक्य जातं, आणि एका "नाही"नं साक्ष इकडची तिकडे होते. त्यातून प्रश्न दुसऱ्या भाषेत गेला की नकाराची रचनाच बदलते. दुभाष्यानं अर्थ आपल्या मनानं लावायचा नाही. साक्षीदाराचं "नाही" तसंच पोचवायचं आणि लगेच सांगायचं, "साहेब, दुभाषीच्या मते या उत्तराचे दोन अर्थ होतात." न्यायाधीश प्रश्न फोडून पुन्हा विचारतात. माझ्या अनुभवात आजवर एकाही न्यायाधीशानं यावर रागावून पाहिलेलं नाही.

मान हलवण्याचंही तसंच. मान हलली तर तुम्ही "हो" म्हणायचं नाही. न्यायालयच नोंद करेल, किंवा तोंडानं उत्तर द्यायला सांगेल. साक्षीदारानं खांद्याकडे बोट दाखवून "इथे" म्हटलं, तर तुम्हीही "इथे" एवढंच म्हणा.

साक्षीदार वेळ, अंतर वेगळ्याच पद्धतीनं सांगतो. आपण तारखेत, किलोमीटरमध्ये बदलून सांगावं का?

नाही. याची चूक मी स्वतः केली आहे आणि अजून मनाला लागून आहे. एका साक्षीत म्हातारे बाबा म्हणाले, मोहफुलं वेचायचे दिवस होते. मी मदत म्हणून "एप्रिल महिना होता" असं सांगितलं. फिर्यादीत मार्चचा शेवट लिहिला होता. आरोपीच्या वकिलांनी ती विसंगती म्हणून धरली, आणि बाबांना अर्धा तास त्यावरून प्रश्न झाले. मोह मार्चमध्येही झडतो आणि एप्रिलमध्येही. बाबांनी महिना सांगितलाच नव्हता, तो माझा होता. मी हात वर करून न्यायालयाला तसं सांगितलं, नोंद दुरुस्त झाली, पण बाबांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी आणला होता.

म्हणून कोंबडं आरवलं तेव्हा, दिवेलागणीला, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, हे सगळं तसंच सांगा. "परवा" म्हटलं तर ते मागचं की पुढचं, नेमकं की सैल अर्थानं, हे आपण ठरवायचं नाही.

एखादा शब्द समजलाच नाही, किंवा त्याला आपल्या भाषेत शब्दच नाही तर?

समजला नाही तर थांबायचं आणि विचारायचं, पण न्यायालयाला सांगून. साक्षीदाराशी आपापसात बोलणं सुरू केलंत की समोरच्या वकिलाला शंका येते, आणि ती रास्त असते.

शब्दच नसेल तर समजावून सांगावं लागतं. "मुद्देमाल"ला कोरकूत काय म्हणणार? "या केसमध्ये पोलिसांनी नेऊन ठेवलेली वस्तू" असं सांगायचं आणि समजावून सांगितल्याचं न्यायालयाच्या कानावर घालायचं. मराठी बाजूच्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश मिळवा. दुसऱ्या बाजूची वही आपली आपणच तयार करायची असते: शरीराचे अवयव, हत्यारं, शेतीची अवजारं, दारूचे प्रकार, आणि नाती. नात्यांना सगळ्यांत जास्त पानं द्या. दीर, मेहुणा, साडू हे मराठीत तीन वेगळे, इंग्रजीत तिघांना एकच शब्द. तुमच्या भाषेत कदाचित पाच असतील.

साक्षीदार माझ्या समाजाची आहे, तिच्यावर अन्याय झालाय हे मला दिसतंय. थोडी मदत केली तर काय बिघडलं?

मला हे वाटणं पूर्ण समजतं. मलाही दर वेळी वाटतं. पण तुम्ही तिचं उत्तर जरासं नीटनेटकं केलंत आणि ते समोरच्या वकिलाच्या लक्षात आलं, तर तिची सगळीच साक्ष संशयात जाते. तिच्या अडखळण्यासकट, तिच्या "बहुतेक"सकट तिचं म्हणणं पोचलं, तरच ते तिचं राहतं. पोक्सो नियम तर शब्दांतच सांगतात: दुभाष्यानं निःपक्षपाती राहावं, आणि काही न घालता, काही न वगळता पूर्ण आणि अचूक भाषांतर करावं.

मदत करायची असेल तर ती सहाय्यक व्यक्ती म्हणून वेगळ्या प्रकरणात करा. एकाच प्रकरणात दोन्ही टोप्या घालता येत नाहीत.

आरोपी किंवा साक्षीदार ओळखीचा निघाला तर?

लगेच सांगा, शपथेच्या आधी. छोट्या बोलीत सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात, त्यामुळे "गाव एकच आहे" एवढ्यानं तुम्ही बाद होत नाही. नातं, वैर, देणंघेणं असेल तर नाही म्हणा. गुन्ह्याच्या तपासात ज्यानं पोलिसांसाठी भाषांतर केलं, त्यानंच न्यायालयात उभं राहणंही मला योग्य वाटत नाही.

चूक झाली तर तुरुंगात जावं लागेल का?

प्रामाणिक चुकीसाठी नाही. चूक लक्षात आली की ताबडतोब सांगायची, एवढंच. जाणूनबुजून खोटं भाषांतर केलं तर मात्र तो खोटा पुरावा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ खालच्या उदाहरणांत दुभाष्याचं उदाहरण थेट दिलेलं आहे, आणि न्यायालयीन कामात त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे.

गुप्ततेचंही तसंच. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा त्याच संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. वकील आणि अशिलाच्या बोलण्यात मध्ये बसलात, तर वकिलावरचं गुप्ततेचं बंधन तुमच्यावरही येतं. व्हॉट्सअ‍ॅप गटावर "आज कोर्टात होते" एवढंसुद्धा लिहू नका. तालुक्याच्या गावी तेवढ्यावरून लोक केस ओळखतात.

शिबिरात नेमकं काय करून घेता?

पहिले दोन दिवस फक्त मराठीतून मराठीत. एकानं मिनिटभर काही सांगायचं, दुसऱ्यानं ते पहिल्या पुरुषात जसंच्या तसं परत सांगायचं, आणि मोबाइलवर दोन्ही ध्वनिमुद्रित करायचं. सगळ्यांना वाटतं आपण बरोबर सांगितलं. मग शेजारी शेजारी ऐकवलं की खोली शांत होते. गळतात त्या गोष्टी ठरलेल्या असतात: आकडे, माणसांची नावं, आणि "बहुतेक", "वाटतं", "दिसलं तसं" हे शब्द. "बहुतेक तोच होता" चं "तोच होता" होतं. एका शब्दात माणूस ओळखला गेला!

त्यानंतर टिपणं घ्यायला शिकवते. वाक्यं लिहायची नाहीत, फक्त आकडा, नाव, दिशा आणि क्रम. मग खोटं न्यायालय उभं करतो. स्थानिक वकील मंडळी येतात, मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारतात, मध्येच तोडतात, आवाज चढवतात. दुभाष्यानं "साहेब, प्रश्न लांब आहे, तुकड्यानं विचारावा" असं म्हणायला शिकेपर्यंत आम्ही थांबत नाही. आरोपीच्या कानाशी हळू आवाजात चालू साक्ष सांगत जायचा सराव वेगळा असतो, तो अवघड आणि थकवणारा. अर्ध्या-पाऊण तासानं लक्ष ढळतं. तेव्हा पाण्यासाठी थांबायची परवानगी मागणं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

शेवटी प्रत्यक्ष खुल्या न्यायालयात चार-पाच दिवस नुसतं बसून ऐकायचं.

मी यंत्रणेत काम करतो. अशी माणसं शोधायची कुठे, आणि निवडायची कशी?

खटल्याच्या तारखेला शोधू नका, हे पहिलं. त्या दिवशी जो मिळेल तो व्हरांड्यातलाच असेल.

माणसं आपल्या आसपासच आहेत: आश्रमशाळेतले शिक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, वनविभागाचे रोजंदार, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली. आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत बसा आणि विचारा, अडलं तर लोक कुणाला बोलावतात. दोन-तीन नावं परत परत येतील. बायांची नावं मुद्दाम मिळवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात गावातल्याच पुरुष दुभाष्यासमोर मुलगी तोंड उघडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

निवड करताना प्रमाणपत्रं नंतर बघा. स्थानिक बोलीतलं तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवा, तुकड्यातुकड्यानं मराठीत सांगायला लावा, आणि ती बोली जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला तपासायला बसवा. मग उलट करा, मराठी प्रश्न द्या आणि बोलीत विचारायला सांगा. जो "हे मला नीट कळलं नाही" असं मोकळेपणानं म्हणतो, त्याला आधी घ्या. सफाईनं बोलणारा पण कुठेच न थांबणारा मला भीती वाटायला लावतो.

आणि भाषेचं नाव नीट विचारा. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार आणि कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार नोंदले गेले, पण "गोंडी" म्हणून बोलावलेला माणूस भामरागडच्या माडिया म्हाताऱ्याशी बोलू शकेलच असं नाही. साक्षीआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांना सांगून, पाच मिनिटं पाऊसपाण्यावर बोलू द्या. जुळतंय की नाही लगेच कळतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका पंजाबी बाईला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली होती, आणि तिला समजेल अशा भाषेत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं हे पुढे अपिलात उघड झालं. १९८५ मध्ये शिक्षा रद्द झाली, पण तोवर ती कित्येक वर्षं तुरुंगात होती. तिची भाषा कोणती, हे सुरुवातीला कुणी विचारलंच नव्हतं.

कर्णबधिर व्यक्तींसाठी दुभाषी व्हायचं असेल तर?

त्याचा रस्ता सर्वांत आखलेला आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, तिथे दोन वर्षांची पदविका आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही हे शिक्षण मिळतं. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं घ्यावी आणि तिचं चित्रीकरण व्हावं, हे आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. चित्रीकरणामुळे हातवाऱ्यांचा अर्थ नंतर तपासता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत बाजू मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी हे काम पहिल्यांदा पाहिलं.

खेड्यातली अडचण मात्र निराळी आहे. शाळेत न गेलेल्या कर्णबधिर माणसाच्या खुणा घरच्याच असतात. तिथे प्रशिक्षित दुभाष्याबरोबर त्या खुणा जाणणारं, पण खटल्याशी संबंध नसलेलं माणूस लागतं. ते शोधायला वेळ लागतो, तो वेळ मागून घ्या.

मी परदेशात आहे. तिथे मराठीसाठी असं काम मिळतं का?

मिळतं, पण तुरळक. अमेरिकेत फेडरल न्यायालयांतल्या दुभाष्यांसाठी १९७८ पासून कायदा आहे, मात्र फेडरल प्रमाणपत्राची परीक्षा आज फक्त स्पॅनिशची होते. मराठीसारख्या भाषांसाठी राज्यांच्या न्यायालयांकडे नोंदणी करणं हा मार्ग आहे. आपल्या राज्याच्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर बघा.

पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

ओळखपत्र, नेमणुकीचा कागद, कोरी वही, दोन पेनं, पाण्याची बाटली. अर्धा तास आधी पोचा आणि शिरस्तेदारांना (न्यायालयाच्या मुख्य कारकुनांना) भेटून आपण आल्याचं सांगा. उभं राहायची जागा साक्षीदाराच्या शेजारी, थोडी मागे, जिथून साक्षीदार आणि प्रश्न विचारणारा या दोघांचेही ओठ दिसतील अशी मागून घ्या. साक्षीदाराला तिच्या भाषेत, सगळ्यांसमोर, एवढंच सांगा: तुम्ही जे बोलाल ते सगळं मी सांगणार, मला गुपचूप काही सांगू नका, थोडं थोडं बोला. आणि डबा घरूनच न्या. तुमचा पुकारा सकाळी अकराला होईल की संध्याकाळी साडेचारला, हे कुणालाच सांगता येत नाही.